साठ दिवस भेटी बंद

मी जिथे काम करते तिथे माणसांचे दात तयार होतात. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीच्या बाजूला सलग टेबल, त्यावर पाच दिवे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, ते घट्ट झालं की साचा सोडवते आणि शेजारच्या टेबलावर सरकवते. ते टेबल मामांचं. साच्यावर मेणाची पट्टी बसवायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, वरचे आणि खालचे दात नीट मिटतात का ते पाहायचं, अशी कवळी उभी करायचं काम ते चौतीस वर्षं करत आहेत. मामा खरं तर कोणाचेच मामा नाहीत. त्यांना एकच बहीण, आणि तिने लग्न केलं नाही. पण मी लागले तेव्हापासून अख्खी लॅब त्यांना मामाच म्हणते.

मामा बोलताना अडखळतात. अडखळतात हा मऊ शब्द झाला. 'व' किंवा 'प' आला की त्यांचा जबडा जागच्या जागी अडकतो, डोळे घट्ट मिटतात, मानेवरची शीर वर येते. समोरच्या माणसाला ते बघवत नाही, म्हणून तो त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. चुकीचं पुरं केलं तरी मामा मान डोलावतात. याच सवयीपायी एकदा न्हाव्याने त्यांची पंचवीस वर्षांची मिशी काढून टाकली होती. दुसऱ्यांना बोलायला दात देणारा माणूस स्वतः बोलत नाही, यावर लॅबमध्ये सगळे विनोद करून झालेले आहेत. मीही एक केला होता. त्याची आता लाज वाटते.

बोलायच्या जागी मामा वस्तू देतात. माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो माझ्या प्लास्टर कालवायच्या पात्याला रबराची जाड मूठ बसवलेली. शिपायाच्या मुलीला दप्तर, झाडूवाल्या बाईंना गुडघ्याचा पट्टा, मालकांच्या आईला वाचायचं भिंग. कोणी आभार मानायला गेलं की मामा टेबल पुसायला लागतात. मला वाटायचं, किती मोठं मन आहे या माणसाचं. ते आहेच. पण त्यात आणखीही काहीतरी होतं, ते मला कळलं गेल्या वर्षी, आणि तेही त्यांच्या ताईंकडून.

मामा संध्याकाळी सात ते नऊ कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत. सत्तावन्न वर्षांचा माणूस आणि खेळ, म्हणून मलाही आधी हसू आलं होतं. त्या खेळात चार माणसं मिळून एक जुनी मालवाहू बोट चालवतात. एकाने सुकाणू धरायचं, एकाने नकाशा बघायचा, एकाने पुढे उभं राहून खडक दिसला की भोंगा वाजवायचा आणि एकाने खाली इंजिन सांभाळायचं. चौघं चार ठिकाणी आपापल्या घरी बसलेली, कानाला हेडफोन. भाषा एक म्हणून ही मंडळी एकत्र आली. खरी नावं कोणाला माहीत नाहीत, विचारायचीही नाहीत. सुकाणूवर एक बाई, त्या मोटार शिकवायच्या शाळेत शिक्षिका. त्या 'कप्तान'. नकाशावर परदेशात नोकरी करणारी एक नर्स, ती 'सिस्टर'. पुढे उभा राहणारा लिफ्ट दुरुस्त करतो, तो 'भोंगा'. आणि खाली इंजिनात मामा. त्यांना सगळे 'इंजिन' म्हणत.

इंजिनवाल्याला बोलावं लागत नसे. वरून हुकूम यायचा, मामा कळ फिरवायचे आणि काही सांगायचं झालंच तर टाइप करायचे. "ठीक." "झालं." "कोळसा कमी." तिघं मोठमोठ्याने बोलायची, भांडायची, हसायची. मामा ऐकायचे. आपला माइक बिघडलाय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं. तो तीन वर्षं बिघडलेलाच राहिला.

आणि इथेही त्यांनी तेच केलं. खेळ विकणाऱ्या त्या दुकानात दुसऱ्याला भेट पाठवायची सोय असते. एक बटण दाबलं की तुमच्या यादीतल्या मित्राच्या खात्यात वस्तू जाऊन पडते. कप्तानला त्यांनी पिवळा रेनकोट पाठवला, म्हणजे पडद्यावर घालायचा. सिस्टरला नवं होकायंत्र. भोंग्याला सात प्रकारचे भोंगे, शिवाय दोन वेगळे खेळ, कारण तो सारखा म्हणायचा की हा खेळ भारी दिसतोय, पण परवडत नाही यार.

एकदा कप्तान म्हणाल्या होत्या, "अहो इंजिन, तुमच्याकडून शब्द येत नाही एक, नुसती पार्सलं येतात!"

मामांनी "हा हा" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बूट पाठवले.

मग त्या खेळाचा दुसरा भाग यायचा होता. मोठी बोट, नवा समुद्र. मामांनी आदल्या दिवशी सगळ्यांना लिहिलं, "उद्या कोणी विकत घेऊ नका. माझ्याकडून." भोंग्याने आनंदाने भोंगा इतका वाजवला की कप्तान ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून घरी जाऊन, हातपाय धुऊन मामा बसले. पहिलं नाव निवडलं, बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. या खात्यावरून सध्या भेटी पाठवता येणार नाहीत. त्यांना वाटलं, इंटरनेट गेलं असेल. बंद करून पुन्हा लावलं. परत लाल पट्टी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. शेवटी त्यांनी दुकानाच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर सकाळी आलं. आपल्या खात्यावरच्या काही पेमेंटबद्दल बँकेकडून तक्रार आली आहे, त्यामुळे भेटी पाठवण्याची सोय थांबवली आहे. आपण खेळू शकता, स्वतःसाठी खरेदी करू शकता, आणि इतरांनी पाठवलेल्या भेटी स्वीकारू शकता.

तक्रार? मामांनी कसलीच तक्रार केली नव्हती.

केली होती ताईंनी. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या. दोघं भावंडं एकाच घरात राहतात, आणि आई होती तेव्हापासून बँकेतलं खातंही दोघांच्या नावावर आहे. बँकेचे निरोप ताईंच्या फोनवर येतात, पण त्या ते एरवी उघडून बघत नाहीत. त्या आठवड्यात बघितले. कुठल्याशा अनोळखी दुकानाने लागोपाठ आठ वेळा पैसे घेतलेले त्यांना दिसले. त्यांनी चष्मा लावला, बँकेला फोन केला आणि आमच्या कार्डावर कोणीतरी डल्ला मारतोय असं ठणकावून सांगितलं. भावाला सांगितलं नाही, कारण तो उगाच घाबरला असता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हे उलगडलं. पुढचं सगळं ताईंनीच मला सांगितलं, अगदी नकलेसकट.

"ते म-म-मीच," मामा म्हणाले.

"तूच काय?"

"प्... पैसे. खेळ. भ-भेटी."

ताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "कोणाला भेटी?"

मग अर्धा तास लावून, थोडं बोलून, थोडं कागदावर लिहून मामांनी त्यांना सगळं सांगितलं. ताई ऐकत गेल्या. चोर कोणी नाही, भाऊच निघाला, म्हणून आधी त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग पारा चढला.

"आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि त्या लिफ्टवाल्याला सात भोंगे? अरे, त्यांनी तुला मामा बनवलं! नाव सार्थ केलंस."

"त-तसं नाही."

"मग कसं? तीन वर्षं तू भिंतीपलीकडे बसून बोट हाकत होतास आणि मी इकडे समजत होते की हा हिशोब करतोय. मला का नाही सांगितलंस?"

ताईंना जे लागलं ते पैशांचं नव्हतं, हे मला त्यांच्या सांगण्यावरूनच कळलं. भावाचे तीन मित्र आहेत आणि आपल्याला एकाचाही पत्ता नाही, हे त्यांना लागलं होतं.

पण ताई अशा की चूक झाली तर ती निस्तरायलाही त्याच पुढे. सकाळी बँकेत जाऊन तक्रार मागे घेतली. मग दुकानाला अर्ज लिहायला बसल्या. विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की', सगळं रीतसर. माझा बंधू सालस व निर्व्यसनी असून त्याने केवळ औदार्यापोटी, वगैरे. खाली सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी. उत्तर चार ओळींचं आलं. अडचणीबद्दल दिलगीर आहोत. तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली आहे. नियमाप्रमाणे भेटींवरचा निर्बंध साठ दिवस राहील. शिवाय आपल्या यादीतली एक व्यक्ती ज्या देशात राहते तिथल्या किमती फार वेगळ्या असल्याने, त्या व्यक्तीला हा खेळ यानंतरही पाठवता येणार नाही.

"कचेरीत मीसुद्धा लोकांना असंच उत्तर द्यायचे," ताई म्हणाल्या. "समोरून आलं की कसं लागतं ते आज समजलं."

मामांनी त्या दिवसापासून कॉम्प्युटर उघडला नाही. मित्रांना साधं कळवलंही नाही. विकत घेऊ नका म्हणून सांगून बसले होते, ती तिघं थांबली असणार, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं? स्वतःपुरता खेळ ते घेऊ शकत होते, पण रिकाम्या हाताने बोटीवर चढायची त्यांना कल्पनाच करता येईना.

लॅबमध्ये मला एवढंच दिसत होतं की मामांचं काही खरं नाही. एका कवळीत त्यांनी समोरचे दोन दात भलत्याच रंगाचे बसवले. दुसरी कवळी परत आली, कारण ती घालणाऱ्या आजोबांना 'स' म्हणताना शिट्टी वाजत होती. आजोबा डॉक्टरांकडे न जाता थेट आमच्याकडेच आले. आमच्यासमोर उभे राहून खणखणीत आवाजात "साखर, सरबत, सासू, सासरे" म्हणून दाखवलं, दर शब्दाला शिट्टी. आणि स्वतःच इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. मामा हसले नाहीत. ते आजोबांकडे बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "त्यांना ल-लाज नाही वाटली."

"कशाची वाटायची?" मी म्हटलं. "त्यांच्या दातांची चूक होती."

मामांनी कवळी घासून नीट करून दिली. त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला बोटीचं सगळं सांगितलं. नऊ वर्षांत ते माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलले. मी मध्ये एकही शब्द पुरा केला नाही. सोपं नव्हतं ते.

नवव्या दिवशी मामांच्या फोनवर ईमेल आली, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला. कप्तान यांनी तुम्हाला एक भेट पाठवली आहे. खाली दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. भेट म्हणजे तोच खेळ, दुसरा भाग. सोबत कप्तानने लिहिलं होतं, "इंजिन बंद, बोट धक्क्याला. तब्येत बरी आहे ना? पार्सल नको, तुम्ही या."

मामांनी दोन्हीपैकी एकही बटण दाबलं नाही. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"दाब की."

"मी घ-घेत नाही."

"का घेत नाहीस?"

"माझ्याकडे द-द्यायला काही नाही आत्ता."

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांनी मग जे काढलं ते तेहतीस वर्षांपूर्वीचं होतं. मामांना लॅबमध्ये कायम केलं तेव्हा ताईंनी त्यांना घड्याळ आणलं होतं, चांगलं भारीतलं. मामांनी ते तिसऱ्या दिवशी शिपायाला देऊन टाकलं.

"त्याला ग-गरज होती."

"असेल. तुला मी विणलेला स्वेटर दिला, तो रखवालदाराच्या अंगावर दिसला. पेन दिलं, ते मालकांच्या मुलाकडे. सगळे म्हणायचे, काय भाऊ आहे हो तुमचा, दानशूर. मी पण म्हणायचे. घरी येऊन रडायचे, ते कोणाला दिसलं नाही." ताईंचा आवाज चढला नव्हता. "तू लोकांना देतोस, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत निघून जातोस. तुझ्यापर्यंत कोणाला पोचूच देत नाहीस रे. मलासुद्धा."

ताई मला म्हणाल्या की हे बोलून झाल्यावर त्यांनाच भीती वाटली. इतक्या वर्षांचं एका दमात बाहेर आलं होतं. मामांनी माउस धरला आणि 'स्वीकारा' दाबलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. ताई म्हणतात, इंजेक्शन घेतल्यासारखा चेहरा होता.

नव्या खेळात एक अडचण निघाली. इंजिनखोली आता बोटीच्या तळाशी, आणि एकाच वेळी दोन चाकं दोन हातांनी फिरवायची. मामांना टाइप करायला हातच उरेना. वाफेचा दाब किती ते मात्र फक्त इंजिनवाल्याला दिसायचं, आणि ते वर सांगणं भाग. कप्तान म्हणाल्या, "इंजिन, नवा माइक घ्या बुवा, नाहीतर बुडतो आपण." तेव्हा मामांनी बोट धक्क्याला असतानाच लिहिलं, "माइक बिघडलेला नाही. मी बोलताना अडखळतो. खूप. भेटीही बंद आहेत." आणि ताईंनी केलेली तक्रार, साठ दिवस, सगळं लिहिलं.

पहिला आवाज आला तो भोंग्याचा. त्याच्याकडे नवा खेळ नव्हता, तो नुसता बोलायला हेडफोनवर आला होता; बोटीवर तिघंच. "म्हणजे मला खेळ मिळणार नाही?"

"तुला काही लाज?" कप्तान त्याच्यावर तुटून पडल्या. मग मामांना म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे शिकायला येणारी माणसं गिअर टाकताना गाडी दहादा बंद पाडतात. मी काय उतरून घरी जाते? बोला तुम्ही. वेळ लागला तर लागला."

सिस्टर म्हणाली, "मी माझा विकत घेतलाय इंजिनकाका, तसंही आमच्याकडे तुमची भेट पोचलीच नसती."

पहिल्या फेरीत खडक जवळ आला आणि वाफ कमी आहे हे सांगायची वेळ आली. मामांचा जबडा 'व'वर अडकला. "व्... व्... व्..." ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणतात, मलाच ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंडावर हात धरून उभी राहिले. वरच्या दोघी थांबल्या होत्या, कोणीही शब्द पुरा केला नाही. मामांचा 'वाफ' अखेर बाहेर पडला, तोवर बोटीचा पुढचा भाग पाण्याखाली गेला होता.

"बुडालो," कप्तान म्हणाल्या. "पण काय खणखणीत आवाज आहे हो तुमचा! चला, पुन्हा."

त्या आठवड्यात ती बोट अकरा वेळा बुडाली. मग मामांनी 'वाफ' सोडून 'दाब' म्हणायला सुरुवात केली, कारण 'द' थोडा सुटा येतो. पण अडला म्हणून शब्द बदलायचा नाही, असं सिस्टर म्हणाली, सवय होईल लपायची. त्यावर त्या दोघांचा वाद झाला. मामा वाद घालतात हे मी लॅबमध्ये त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी प्लास्टर कालवायचं विसरले.

सगळं गोड झालं असं नाही. भोंगा दोनतीनदा येऊन विचारून गेला, निर्बंध उठला का म्हणून. मग यायचाच थांबला, दुसऱ्या कुठल्या बोटीवर गेला. मामांना ते फार लागलं. ताई आयत्या संधीची वाट बघत असतील असं मला वाटलं होतं, पण त्या भावाला "मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तो भोंगा चांगला वाजवायचा का रे?" मामा म्हणाले, "फ-फार छान."

साठ दिवस झाले तेव्हा दुकानाची ईमेल आली, आता भेटी पाठवता येतील. मामांनी सगळ्यात आधी भोंग्याचं नाव शोधलं. कबूल केलं होतं ते द्यायचं, एवढंच डोक्यात. पडद्यावर आलं, ही व्यक्ती आपल्या मित्रयादीत नाही. भोंग्याने त्यांना यादीतून काढून टाकलं होतं, आणि मित्र नसलेल्याला भेट जात नाही. मामांनी त्याला नव्याने मैत्रीची विनंती पाठवली आणि लिहिलं, "कबूल केलं होतं म्हणून. खेळायला आलाच पाहिजेस असं नाही." अजून उत्तर नाही. मामांनी ती विनंती काढूनही घेतलेली नाही.

परवाची गोष्ट. एका डॉक्टरांकडून आलेलं माप बरोबर नव्हतं, एका बाजूची हिरडी त्यात उमटलीच नव्हती. अशा वेळी मामा चिठ्ठी लिहितात आणि फोन मी करते. या वेळी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः नंबर लावला. मिनिटभराचं बोलणं पाच मिनिटं चाललं. पलीकडून डॉक्टरांनी दोनदा वाक्य पुरं करायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चुकीचं. आणि मामा म्हणाले, "न-नाही, तसं नाही. थ-थांबा. मी सांगतो."

फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. मी माझ्या डब्यातला एक घास त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला, खाल्ला, आणि मीठ कमी आहे म्हणाले.